पदकाची बाजू

धाकटीने बाजारातून पदकं लटकवलेलं जॅकेट आणलं आणि जवानांच्या स्मरणसभेला तेच घालून निघाली. सैन्यातून निवृत्त झालेल्या मामांनी तिला दारातच अडवलं.

"काढ आधी ते! आपण मिळवलेलं पदक छातीच्या डावीकडे लावतात. घरातला माणूस गेला असेल, तर त्याचं पदक घरच्यांनी उजवीकडे लावायचं. नटायची वस्तू आहे का ही?"

"मग आई दादाचं पदक डावीकडे लावते, तिला बरं काही बोलत नाही!"

मामा बोलले होते, पहिल्याच वर्षी. दादा सीमेवर बेपत्ता झाला होता, आणि आई शांतपणे म्हणाली होती, "गेलेला नाहीये तो. आला की त्याचं त्याला देईन." त्यानंतर तिला कुणी टोकलं नाही.

धाकटीने जॅकेट काढून खुर्चीवर टाकलं. आतल्या खोलीत कपाटाचं दार लागल्याचा आवाज आला. आई तयार होऊन बाहेर आली, "चला, उशीर होतोय," म्हणाली आणि चपला शोधू लागली.



पदक उजवीकडे होतं.