सात नवे

एकोणीसशे पंच्याहत्तर सालची गोष्ट. दहावीनंतर मुलांची कॉलेजसाठी तयारी करून घेणारी शाळा विद्यापीठ आपल्याच आवारात काढणार होतं. आराखड्याच्या बैठकीला आमच्या तालुक्याच्या कन्याशाळेतून मुख्याध्यापिका माईसाहेब आणि मी, गणिताची बाई, अशा दोघी गेलो होतो.

"प्रवेश परीक्षा इंग्रजीतूनच," प्राध्यापक दांडेकर म्हणाले. "जो इंग्रजीत विचार करत नाही, तो इथं टिकणार नाही."

माझ्या वर्गातली वेणू कोळेकर कसलंही गणित चुटकीसरशी सोडवायची, पण मराठीतून.

माईसाहेबांनी शांतपणे विचारलं, "बरं. एका वर्गात मुलं किती मावतील, सर?"

नकाशावर बोट फिरवत दांडेकर पुटपुटले, "सात रांगा, रांगेत नऊ... सात नवे त्रेसष्ट."

"अगबाई! म्हणजे तुम्हीसुद्धा टिकत नाही की!" माईसाहेब म्हणाल्या.

सगळे हसले. दांडेकर लाजले, मग म्हणाले, "पाढे आईनं छडी घेऊन पाठ करून घेतलेत हो," आणि त्यांनी ती अट स्वतःच खोडली. परतीच्या एसटीत खारे दाणेसुद्धा मला गोड लागले.

माईसाहेब आता नाहीत. दांडेकर निवृत्तीपर्यंत त्याच शाळेत मराठीतून गणित शिकवत राहिले. वेणू तिथल्या पहिल्या तुकडीत शिकली, इंजिनियर झाली, कॅनडात स्थायिक झाली. मी इथंच आहे, गुडघे धरून. परवा वेणूचा फोन आला. मागून तिची नात अडखळत म्हणत होती, "सात नवे त्रेसष्ट."