विनोदी सिनेमातलं रडू

त्रिशूरच्या थिएटरात सगळे हसून लोटपोट होत होते. मग सिनेमातला बावळट चोर, त्याची आई गेल्याचा निरोप आल्यावर, तिनेच सकाळी केळीच्या पानात बांधून दिलेला भात उघडून बसला, आणि शेजारी आमचे हे हुंदके देऊन रडायला लागले. पुढच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले, मांडीवरची बाळी दचकली.

"पुरे, चेट्टा," मी दातओठ खात पुटपुटले. "स्वतःची अम्मा गेली तेव्हा डोळ्यांतून टिपूस काढलं नाहीत, आणि इथे भरल्या थिएटरात?"

त्यांनी नेसत्या मुंडूच्या टोकाने डोळे पुसले, बाळीच्या डोक्यावरून हात फिरवला.



"तेव्हा ही तुझ्या पोटात होती. तुझ्यासमोर अजिबात रडायचं नाही, असं अम्माच बजावून गेली होती."