तळाची फळी

भिमाजी गड्यानं नावेच्या तळाला अंगठा दाबला आणि अंगठा पेरापर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा त्याला काळा लगदा चिकटला होता. भिमाजीनं तो हुंगला, तोंड वाकडं केलं आणि धोतराला पुसला.

"पाटील, ही फळी न्हाई. भिजलेली भाकर हाय."

सूर्यभान पाटलांनी नाकावर उपरण्याचा बोळा धरला. वरच्या अंगाला पूल झाल्यापासून नाव गोदावरीच्या काठी, पाटलांच्या घरासमोर, बाभळीखाली पालथी पडली होती. पोटात उंदरांनी संसार थाटला होता. मेलेल्या मासळीचा वास जुनाच होता. त्यात उंदरांनी आपली भर घातली होती. एवढं असूनही पलीकडच्या तीरावरचा कोणी आसाराम ती विकत घ्यायला येणार होता. माणसाला काय हवंसं वाटेल सांगता येत नाही.

प्रश्न एवढाच होता की, विकण्याआधी तळ बदलायचा की नाही. लढाई संपली तरी सागवानाचा भाव उतरला नव्हता. डांबर मात्र फुकट होतं. पुलाच्या सडकेवर ठेकेदाराचं पिंप उघडंच असे.

"फळ्या बदला," पाटलांची बायको गोजरबाई दारातून म्हणाली. "घरात पोरीचं लगीन हाय. कुनाचा तळतळाट नगं."

पोरीचं, म्हणजे चांगुणाचं, लग्न पलीकडच्या गहिनीनाथ पाटलांच्या घरात ठरलं होतं. तिचे दागिने पाटलांनी बेलापूरच्या सोनाराकडून स्वतः आणले होते. वाटेत तहान लागली तरी गाडीतून उतरले नव्हते. डबा पोटाशी धरून बसले होते.

"माणसं बसत्याल त्या नावंत," गोजरबाई म्हणाली.

"बसंनात. आपली कुठं बसत्यात?"

प्रश्न सुटला.

सूर्यभान पाटील पापाला भिणारे गृहस्थ होते. म्हणून डांबर फासण्याआधी त्यांनी नारळ फोडला. मग भिमाजीनं भोकांत काथ्या कोंबला, त्यावर गोणपाट, त्यावर शेण आणि त्यावर डांबराचे दोन हात. उंदरांची काही पिलं आतच राहिली. त्यांना हुसकायला वेळ नव्हता. भाकड म्हैस बाजारात नेताना शिंगांना तेल चोपडतात, तशी नाव दुपारपर्यंत चकाकायला लागली. वास गेला नाही. पण डांबराच्या वासाखाली तो ओळखू येईना. स्वयंपाकघरातून नारळाचं खोबरं प्रसाद म्हणून आलं. पाटलांनी ते डांबर चाचपलेल्या हातानंच खाल्लं.

आसाराम आला तो सरळ नावेपाशी. फेटा काखेत मारून त्यानं नावेभोवती फेरी घातली. ठोकून काही पाहिली नाही.

"पाटील, आमच्याकडं नावंचा सौदा तोंडी न्हाई चालत. गंगंचं पानी हातात घेऊन सांगायचं."

पाटील घोट्याएवढ्या पाण्यात उतरले. ओंजळ भरली. आवाज जरासुद्धा कापला नाही.

"गंगामाईच्या शपथंनं सांगतो, नाव खणखणीत हाय. माझं पोरगं बसवीन मी हिच्यात."

भिमाजीनं दुसरीकडे पाहत तंबाखूची पिंक टाकली. आसारामनं पैसे दिले, पाटलांनी ते कनवटीला खोचले. गोजरबाईनं चांगुणाच्या हाती चहा पाठवला. आसारामनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तोंडभर हसला.

"हीच का आमची नवी सूनबाई?"

"म्हंजी?" पाटलांनी विचारलं.

"आता लपवून काय करायचं? मी गहिनीनाथ पाटलांच्या मळ्यावरचा मानूस. व्याह्या-व्याह्यांत सौदा बरा न्हाई, म्हनून माझ्या नावानं घेतली. त्यांच्या घरात नवी सून पुलावरनं येत न्हाई, पाटील. गंगंची वटी भरीत पान्यावरनंच येती. त्यांची नाव पुरात गेली. मालक म्हनले, सूर्यभान पाटलांची घे. सोन्यासारखी पोर देनारा मानूस सडकी नाव देईल व्हय?"

चांगुणा लाजून आत पळाली. सासरचे पाण्यावरून नेणार, याचंच तिला अप्रूप वाटलं होतं.

उन्हानं डांबर मऊ झालं होतं, आणि तळाशी एका जागी शेण हिरवट होऊन वर डोकावत होतं. आसारामची पाठ तिकडे होती. भिमाजीनं पाहिलं, गोजरबाईनं पाहिलं, पाटलांनीही पाहिलं. खरं सांगितलं असतं तर पैसे परत गेले असते, गंगेची शपथ खोटी ठरली असती आणि तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

"अवो," गोजरबाई उंबऱ्यातून म्हणाली. "सांगा की त्यास्नी."

पाटलांनी कनवटीचे पैसे चाचपले. नावेकडे पाहिलं. चांगुणा गेली त्या दाराकडे पाहिलं. मग घसा खाकरला.

"आसाराम, एक सांगायचं ऱ्हायलं."

गोजरबाईनं कोंडलेला श्वास सोडला.

"पोरगी न्या नावंतनं," पाटील म्हणाले. "दागिने मातर मी गाडीनं, पुलावरनं धाडीन."