तिसरी हाक

पथकाचा प्रमुख दोर गुंडाळू लागला, तशी चांगुणा घळीच्या तोंडाशी फतकल मारून बसली. तिची ऋतुजा कालपासून या डोंगरात हरवली होती आणि पौषातलं धुकं अजून हटत नव्हतं.

"इथं दोनदा हाक मारली, मावशी. उत्तर नाही. पोरीनं साधा स्वेटरही नेलेला नाही, पुढच्या घळीत लवकर पोचायला हवं."

"अक्कल कमीच हाय तिला," चांगुणा म्हणाली, "पण शिकवलेलं पाळती. धुक्यातल्या पहिल्या दोन हाका चकव्याच्या असत्यात, तिसरीशिवाय ओ द्यायची नाही, हे मीच शिकवलंय. तुम्ही सगळीकडं दोनच मारत आलात."

"असल्या गोष्टींवर शोध चालत नाही," प्रमुख म्हणाला.

"मग जा तुम्ही. मी इथून हलत नाही."

तिनं हाक मारली. घळ गप्पच राहिली. दुसरी मारली. प्रमुखानं घड्याळ पाहिलं. छातीत गारठा भरून घेऊन तिनं तिसरी मारली.

"ओ," खालून कुडकुडता आवाज आला. "जपून ये गं आई. मघाशी इथं चकवा दोन हाका मारून गेला."