राखेतले दात

आईच्या रक्षाविसर्जनाला अख्खी भावकी जमली होती आणि दातांची आठवण कुणाला होऊ नये म्हणून रत्नाकर मनातल्या मनात देवाचा धावा करत होता. पण हाडं नदीला आणि दात तुळशीला, अशी आता घरोघरी रीतच पडली होती. म्हातारपणी जबड्यात बसवायच्या, आत चिवट धागे घालून घडवलेल्या महागड्या सिरॅमिकच्या दातांच्या बारीक छिद्रांत जबड्याचं हाड वाढायचं आणि चितेतूनही ते शाबूत निघायचे. रत्नाकरने मात्र आईला तसेच दिसणारे, पण चितेत जळून जाणारे हलक्या मालाचे दात बसवले होते आणि वाचलेल्या पैशांतून दारात गाडी आणली होती.

"घावले!" राखेत हात घालून बसलेली गोदामावशी ओरडली. ती आईची धाकटी बहीण.

"लेक असावा तर असा," कुणीतरी म्हणालं.

मावशीने चार दात रत्नाकरच्या ओंजळीत ठेवले. वरून राख फासलेली होती, पण छिद्रांत ओली काळी माती होती.

"तुझ्या काकांचे हायत, आमच्या तुळशीतले," मावशी हळूच त्याच्या कानाशी म्हणाली. "आक्कानं जायच्या आधी माझ्याकडनं वचन घेतलं. भाकरी दुधात कुस्करून खायची, पण कुणाला बोलली न्हाई. म्हणाली, माझ्या लेकाची मान चारचौघांत खाली जायला नको."

भावकीने त्याला पुढे जायला वाट करून दिली. रत्नाकरला मान वर करवेना.