भारतीय धागा

वेल्कोनं गेंचो आजोबांचा अंगठा गाडीच्या दारात धरला आणि दार आपटलं.

मागच्या सीटवर स्ताम्का पेन घेऊन बसली होती. हाड मोडल्याचा आवाज तिच्या पाठीतून गेला.

"पडद्यामागे घडी उघडलीस ना, म्हाताऱ्या? माझ्या माणसानं पाहिलंय. का उघडलीस?"

"सवय, बाबा. कागद हातात आला की उघडतो."

समोर शाळेत मतदान चालू होतं. रीत सोपी होती. सकाळीच एक कोरी मतपत्रिका बाहेर आणलेली. स्ताम्का फुली मारून घडी घालायची. मतदार ती खिशातून नेऊन पेटीत टाकायचा आणि स्वतःला मिळालेली कोरी पुढच्यासाठी बाहेर आणायचा. बल्गेरियात याला भारतीय धागा म्हणतात. का, ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. वेल्कोचा नियम एकच: घडी उघडायची नाही. उघडणारा दुसरी फुली मारून मत बाद करू शकतो.

मागच्या वेळी नगराध्यक्ष जेमतेम एकोणीस मतांनी आला होता. कम्युनिस्ट पक्षाचं राज्य बुडालं तेव्हा सरकारी लाकूडगिरणी त्यानं कवडीमोलानं घेतली. तेव्हापासून गावातलं प्रत्येक काम त्याच्या चिठ्ठीवर. मत चुकवल्याच्या नुसत्या संशयावरून वेल्कोनं स्ताम्काच्या भावाचे दोन्ही हात गिरणीतच मोडले होते. बोटं गावच्या डॉक्टरीणबाईंनी कशीबशी जोडली. यंदा त्या नगराध्यक्षाविरुद्ध सात नंबरवर उभ्या होत्या. वेल्कोला त्याचं हसू यायचं.

सकाळी पहिल्या दोन फुल्या त्यानं वाकून पाहिल्या. चार नंबर, नगराध्यक्षाचा. "भावापेक्षा शहाणी निघालीस गं," म्हणाला आणि बघणं सोडून दिलं.

आता त्यानं आजोबांचं डोकं खिडकीवर आदळलं. काचेवर रक्त ओघळलं.

"कागदाचं काय केलंस? बोल, नाहीतर दुसरा हात."

आजोबांनी काचेतून स्ताम्काकडे पाहिलं. बराच वेळ. तिनं पेन मुठीत घट्ट धरलं.

"काही नाही." त्यांनी तुटलेला दात थुंकला. "तुमचीच फुली. चार नंबर. सुबक मारलीय पोरीनं. तशीच टाकली."

वेल्कोनं त्यांना चिखलात ढकललं आणि हात पुसले. "एकेचाळीस झाली. चल गं, पुढची दे."

आजोबांनीच आणून दिलेली कोरी मतपत्रिका स्ताम्कानं मांडीवर पसरली, आणि आधीच्या एकोणचाळीसांवर मारली होती तशीच सुबक फुली सात नंबरवर मारली.