दारात आडवी काठी

सून कुलानी पातेलंभर बोलायची आणि हा दुभाष्या गलातू वाटीभरच पुढे ओतायचा. उर्गेला सकाळपासून हेच सलत होतं. नैरोबीच्या या निर्वासितांच्या कचेरीत तो आपल्याच ओरोमो मुलखातला निघाला, तेव्हा म्हातारी सुखावली होती. आता त्याचा कडक इस्त्रीचा सदरासुद्धा तिच्या डोळ्यांत खुपत होता.

टेबलापलीकडे अधिकारी बाई लिहीत होत्या. या सासू-सुनेला इथे आसरा द्यायचा की परत धाडायचं, ते त्याच कागदावर ठरणार होतं.

सुनेने काही लपवलं नव्हतं. नवरा एका नव्या उपदेशकाच्या नादी लागला. झाडाखाली वाका देवाची प्रार्थना करणं पाप आहे म्हणाला. लग्नात आईने हाती दिलेली सिंके, बायकांच्या मानाची काठी, त्याने गुडघ्यावर मोडली. मग तिचा हात मोडला. गावच्या बायका आपापल्या सिंके घेऊन दारात उभ्या राहिल्या. ती काठी आडवी आली की पुरुष ओलांडत नाही, अशी तिकडची रीत. तो ओलांडून गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या सोबत्यांनी त्या बायकांची घरं पेटवली.

गलातूने हे चार वाक्यांत उरकलं. त्यातला 'पडली' हा शब्द उर्गेने बरोबर टिपला. दोन वर्षं ती इथल्या बाजारात दूध विकत होती, तेवढी स्वाहिली तिच्या कानात मुरली होती.

कुठे पडली रे ती, तिने विचारलं.

तो खालच्या आवाजात, आईला हाक मारावी तसा म्हणाला, "आय्यो, घरातली घाण परक्यांपुढे कशाला? आपल्या माणसांचं नाव जातं. हात मोडला, एवढं पुरे आहे त्यांना."

बाईंनी फाईल मिटली आणि छापील कागदाच्या प्रती काढायला गलातूला बाहेर पाठवलं. तो दाराकडे वळला.

उर्गे त्याच्या आधी दारात पोचली. सकाळी फाटकावरच्या पहारेकऱ्याने तिची सिंके अडवली होती, तेव्हा म्हातारीचा तिसरा पाय आहे म्हणून तिने ती आत आणली. लोणी चोळून चोळून काळी झालेली, बोटाएवढी बारीक. ती तिने दारात आडवी धरली.

गलातूचं उचललेलं पाऊल तिथेच राहिलं. एका धक्क्यात म्हातारी भिंतीला लागली असती.

"बाजूला हो, आय्यो," तो म्हणाला. पण पाय काही पुढे पडला नाही.

बाईंनी हे काय चाललंय म्हणून विचारलं. उर्गेने काठी न हलवता आपल्या बाजारी स्वाहिलीत त्यांना सांगितलं, सून पडली नाही, तिला मारलं, आणि मारणारा माझ्या पोटचा आहे. बाईंनी फाईल पुन्हा उघडली.

मग ती गलातूकडे वळली.

"तू थांबलास. माझा मुलगा थांबला नव्हता. म्हणजे तू अजून माणसात आहेस. जा, बस त्या खुर्चीवर आणि पोरगी बोलली तेवढं सगळं सांग. माझ्या मुलाच्या नावासकट."